न घेतलेला प्लॉट

प्रत्येक मराठी मध्यमवर्गीय घराच्या मालकीचा एक प्लॉट असतो. तो त्या घरानं घेतलेला नसतो, एवढंच. पुण्याकडच्या मंडळींचा तो कोथरूडला असतो, नाशिककरांचा गंगापूर रस्त्याला आणि आम्हा मुंबईच्या आसपासच्यांचा ठाण्यापासून बदलापूरपर्यंत म्हणाल तिथं. ‘अहो, तेव्हा आमच्या ह्यांना चालून आला होता. तेव्हा तिथं कुत्रं फिरकत नव्हतं हो!’ असं म्हणून घरातली बाई ज्या सुस्काऱ्यासह चहाचा कप खाली ठेवते, त्या सुस्काऱ्याच्या लांबीवरून प्लॉटचं क्षेत्रफळ बिनचूक काढता येतं.

आमचा प्लॉट डोंबिवली पूर्वेला आहे. म्हणजे नाही. 1984 साली आमच्या नानांना तो पोस्टातल्या एका सहकाऱ्यानं दाखवला होता आणि नाना ‘नको’ म्हणाले होते. मी शाळेत होतो तेव्हा त्या प्लॉटची किंमत 25 हजार होती. मी बी.कॉम. होईपर्यंत ती 18 हजारांवर आली. माझ्या लग्नात मामानं व्याह्यांना ती साडेअकरा सांगितली आणि गेल्या दिवाळीत आत्यानं ‘अवघे साडेसात हजार’ म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. क्षेत्रफळ मात्र दोन गुंठ्यांपासून निघून पाच गुंठ्यांपर्यंत पोहोचलं आहे. सगळ्या जगातल्या जमिनीचा भाव चढत असताना फक्त न घेतलेल्या जमिनीचाच भाव उतरतो, हा सिद्धान्त माझ्या कॉमर्सच्या एकाही पुस्तकात नव्हता.

नाना यावर कधी काही बोलत नाहीत. विषय निघाला की ते उठतात आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतात. त्या घड्याळाला आठवड्यातून एकदा किल्ली पुरते. आमच्याकडे पाहुणे फार येत असल्यामुळे ते रोज भरलेलं असतं.

मी बँकेत कारकून आहे आणि गेली सहा वर्षं कर्जविभागात बसतो. माझ्यासमोर रोज घर घेणारी माणसं येतात. त्यांचे कागद तपासणं आणि ‘हा कागद नाही, तो घेऊन या’ असं सांगणं हे माझं काम. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूळ खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं ना हरकत पत्र. एक जरी कमी असलं तरी मी फाइल परत करतो. ‘साहेब, तेवढं प्रोसेसमध्ये आहे,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मी चष्मा काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘प्रोसेसवर बँक कर्ज देत नाही. कागदावर देते.’ हे वाक्य मी इतक्या रुबाबात म्हणतो की आमचा शिपाईसुद्धा ते ऐकायला थांबतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याची आठवण करून देण्याचं धैर्य मला होणार नाही.

तर झालं असं, की नानांची 15 लाखांची मुदत ठेव 31 मार्चला संपत होती. नानांची सगळी नोकरी, फंड आणि आईनं भिशीत घालून वाढवलेले पैसे, असं सगळं त्या एका पावतीत होतं. नानांनी पावती माझ्या हाती दिली आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी चिऊ बारावी होईल. तिच्या शिक्षणाचं बघ. तुला योग्य वाटेल तिथं ठेव.’

मी ती सरळ माझ्याच काउंटरवरून पुन्हा ठेवली असती. पण त्याच रविवारी आमचे मेव्हणे जेवायला आले.

मेव्हण्यांच्या तीन जागा आहेत. एक ते राहतात ती, एक भाड्यानं दिलेली आणि एक ‘पझेशनला’ आलेली. पझेशनला आलेली जागा गेली सात वर्षं येते आहे. तरीही तीन जागांच्या माणसापुढं एका वन रूम किचनचा माणूस श्रीखंडसुद्धा जपून वाढून घेतो.

‘भावोजी,’ ते म्हणाले, ‘एफडी म्हणजे पैसा झोपवणं. पैसा उभा राहिला पाहिजे. जमिनीत घाला.’

‘मी तेच म्हणते,’ आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. ‘आणि घर बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.’

मी चकित झालो. ही सवलत 2021 पासून आहे हे मला ठाऊक होतं, मी कर्जविभागात बसतो. हिला कुठून कळलं? पण आपल्या नावावर काहीतरी व्हावं असं बायकांना वाटू लागलं की कायद्याची कलमं त्यांना भाजीवालीसुद्धा सांगते.

नाना उठले. त्यांनी घड्याळाला किल्ली दिली.

दुसऱ्या दिवसापासून आमची जागाशोध मोहीम सुरू झाली. जाहिरातींची भाषा ही स्वतंत्र भाषा आहे आणि ती शिकायला वेळ लागतो. ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. कशानं, ते लिहिलेलं नसतं. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे रस्ता नाही. ‘शहराच्या मध्यवर्ती भागात’ म्हणजे झोप नाही. ‘मोजकेच फ्लॅट शिल्लक’ म्हणजे मोजकेच विकले गेलेत. आणि ‘नियोजित’ हा शब्द ज्या गोष्टीच्या आधी असेल, ती गोष्ट आपल्या नातवंडांसाठी आहे असं समजावं.

क्षेत्रफळाची गंमत निराळीच. पूर्वी ‘सुपर बिल्टअप’ असायचं. म्हणजे जिना, लिफ्ट आणि वॉचमनच्या खुर्चीखालची फरशी यांतला आपला वाटा आपल्याच पदरी घालून घर मोठं करत. 2016 साली रेरा कायदा झाला, 1 मे 2017 पासून आपल्याकडं महारेरा सुरू झालं आणि बिल्डरांना कार्पेट एरिया सांगावा लागू लागला. कार्पेट म्हणजे घरात सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा, असं मी गिऱ्हाइकांना सोपं करून सांगतो. फक्त त्यात आतल्या भिंतींची जाडीही धरतात. भिंतीवर सतरंजी कशी अंथरायची, ते कायद्यात दिलेलं नाही.

पहिल्यांदा आम्ही एक फ्लॅट पाहिला. किंमत 60 लाख. आमचे 15, उरलेलं कर्ज. भाडं 14 हजार येईल असं एजंट म्हणाला. मी बी.कॉम. आहे हे मला अशाच वेळी आठवतं. रात्री कागद घेऊन बसलो. आपल्याकडं करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना जागा रिकामी धरली, तर वर्षाचे 1 लाख 54 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 36 हजार, मालमत्ता कर 6 हजार आणि नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटाचं एक भाडं 14 हजार वजा केलं. राहिले 98 हजार. 60 लाखांवर 98 हजार म्हणजे 1.63 टक्के. बचत खात्यात घोरत पडलेल्या पैशालाही याहून जास्त व्याज मिळतं, आणि त्याचा नळ गळत नाही. शिवाय कर्जाचा हप्ता होताच.

हा हिशेब मी मेव्हण्यांना फोनवर वाचून दाखवला. ते हसले. ‘भावोजी, भाड्यासाठी फ्लॅट घेतं कोण? फ्लॅट म्हातारा होतो, जमीन तरुण होते. तुम्ही प्लॉट बघा.’

प्लॉट म्हटल्यावर माझ्या पोटात काहीतरी हललं. तुम्ही हसाल, पण मला वाटलं, नियतीनं दुसरी संधी दिली आहे. नानांनी 1984 साली केलेली चूक मी दुरुस्त करणार. चाळीस वर्षांनंतर कुणी चिऊला म्हणणार नाही की, ‘तुझ्या बाबांनी तेव्हा...’ आणि मनातली खरी गोष्ट सांगायची तर, मला नानांना दाखवायचं होतं. काही वर्षांपूर्वी चिऊच्या शाळेची फी भरताना ओढाताण झाली, तेव्हा एकदा रागात मी त्यांना बोललो होतो, ‘तुम्ही तेव्हा तो प्लॉट घेतला असतात, तर आज मला ही वेळ आली नसती.’ नाना काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी घड्याळालाही हात लावला नाही. त्यानंतर माझं वाक्य मी कधी मागं घेतलं नाही आणि त्यांनीही ते परत केलं नाही. बुडीत खात्यात पडलं.

कर्जतच्या पलीकडच्या एका प्लॉटिंगची जाहिरात मेव्हण्यांनी पाठवली. नाव सांगत नाही. एवढंच सांगतो की नावात तीन इंग्रजी शब्द होते आणि शेवटचे दोन ‘लेक व्ह्यू’ होते. दोन गुंठे, म्हणजे 2178 चौरस फूट, 14 लाखांत. गुढीपाडव्यापर्यंत बुकिंग केल्यास चांदीचं नाणं. टोकन 51 हजार.

आम्ही रविवारी निघालो. सौ., मी, मेव्हणे आणि नाना. नानांना नेऊ नये असं माझ्या मनात होतं, पण पैसे त्यांचे. कर्जत स्टेशनवर कंपनीची एसी गाडी हजर होती. फुकटच्या गाडीत बसल्यावर माणसाची चिकित्सक बुद्धी निम्मी होते आणि उरलेली निम्मी वडापाव खाऊन जाते. साइटवर कमान होती, रंगीबेरंगी झेंडे होते, चुन्यानं आखलेले चौकोन होते, आणि टाय बांधलेला एक तरुण होता. मार्चच्या उन्हात टाय बांधणारा माणूस काहीही विकू शकतो.

‘सर, हा तुमचा प्लॉट,’ तो चुन्याच्या चौकोनाकडं हात करून म्हणाला. तुमचा! चाळीस वर्षांत आमच्या घराण्याला हा शब्द पहिल्यांदाच कुणी वापरला होता. सौ. चौकोनात उतरल्या आणि ‘इथं तुळस, इथं झोपाळा’ करत फिरू लागल्या. चुना ओलांडताना त्यांनी चक्क उंबरठा ओलांडल्यासारखं पाऊल उचललं.

मी कर्जविभागाचा आवाज काढला. ‘सातबारा?’

‘आहे ना सर. मूळ मालकांच्या नावावर आहे.’

‘एन.ए.?’

‘प्रोसेसमध्ये आहे सर.’

‘महारेराचा नंबर?’

‘अप्लाय केलाय सर.’

‘मग रजिस्ट्रेशन कसं होणार?’

‘सध्या आपण नोटरी करून घेऊ. एन.ए. झालं की रजिस्टर करू. सगळे तसंच करतायत सर. आजच्या दिवसात सहा बुकिंग्ज झालीत.’

आता पाहा. एन.ए. झालेली नाही म्हणजे ती शेतजमीन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हे 1948 च्या कुळकायद्यात आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत नोंदवावंच लागतं, हे 1908 पासून आहे. महारेराचा नंबर मिळाल्याशिवाय एवढ्या मोठ्या प्लॉटिंगचं बुकिंग घेता येत नाही, हे तर मी स्वतः आठवड्यातून दोनदा लोकांना ओरडून सांगतो. यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. आणि तरीही वाचकहो, मी चष्मा काढला नाही. मी मान डोलावली आणि खिशातून चेकबुक काढलं. सहा बुकिंग्ज झालीत म्हटल्यावर सातवा राहण्याच्या भीतीपुढं बी.कॉम. काय करणार? बँकेत मी दुसऱ्यांच्या पैशांबाबत सावध असतो. आपल्या माणसाच्या पैशांबाबत सावध राहायला मला कुणी पगार देत नाही.

‘नाना कुठं गेले?’ सौ. म्हणाल्या.

नाना प्लॉटच्या टोकाला उकिडवे बसले होते. हातात काडी होती आणि ती ते जमिनीतल्या एका भोकात घालून पाहत होते. शेजारी प्लॉटिंगचा वॉचमन, त्यांच्याच वयाचा, खाकी शर्टातला, तोही उकिडवा बसला होता. दोघं शाळकरी पोरांसारखे दिसत होते.

‘खेकड्याचं बीळ आहे,’ नाना मला म्हणाले. नाना मूळचे कोकणातले. ‘आणि हा बघ लव्हाळा. मुरूम टाकलाय, पण खालून वर आलाय.’

‘नाना, मार्च आहे. सगळं कोरडं ठणठणीत आहे.’

‘म्हणून तर मार्चमध्ये दाखवतात,’ नाना म्हणाले, आणि वॉचमनकडं वळले. ‘मामा, पावसात इथं काय असतं?’

वॉचमननं आधी टायवाल्याकडं पाहिलं. तो मेव्हण्यांना चांदीचं नाणं दाखवत होता.

‘भात व्हायचा,’ तो हळूच म्हणाला. ‘हे खाचर होतं. चांगलं खोलगट. लावणीला पोटरीभर पाणी असायचं.’

‘तुम्हाला कसं माहीत?’ मी विचारलं.

‘माझंच होतं.’

मला काय बोलावं सुचेना. त्यानं जमीन कधी विकली, कितीला विकली, कशासाठी, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तो फक्त म्हणाला, ‘त्या पिवळ्या झेंड्यापाशी विहीर होती. बुजवली. तुम्ही पावसात या ना एकदा बगायला. पावसात कुनी येत नाय.’

कागदावरचं ‘लेक व्ह्यू’ म्हणजे काय ते माझ्या आत्ता ध्यानात आलं. लेक आमच्याच प्लॉटमध्ये होणार होतं. व्ह्यू इतरांना मिळणार होता.

मी चेकबुक खिशात टाकलं. ‘घरी विचार करून कळवतो,’ असं सांगितलं. टायवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धं उतरलं. परतीला एसी गाडी ‘दुसऱ्या पार्टीला’ गेली होती. आम्ही तापलेल्या रस्त्यानं वीस मिनिटं चालून एक टमटम धरली. मेव्हणे वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘भावोजी, पुढच्या पाडव्याला हाच प्लॉट वीसला जाईल.’

कर्जत-मुंबई लोकलमध्ये मला आणि नानांना खिडकीजवळ समोरासमोर जागा मिळाली. नेरळ गेलं, वांगणी गेलं. बाहेर कोरडी खाचरं पळत होती. शेवटी चाळीस वर्षांत आमच्या घरात कुणी न विचारलेला प्रश्न मी विचारला.

‘नाना, तुम्ही तो डोंबिवलीचा प्लॉट का नाही घेतलात?’

नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. घड्याळ जवळ नव्हतं. त्यामुळं त्यांना उत्तर द्यावं लागलं.

‘तो उन्हाळ्यात दाखवला होता. मी म्हटलं, पावसाळ्यात बघून सांगतो. जुलैत गेलो. तू कडेवर होतास. सगळीकडं पाणी. बेडूक इतके की बोललेलं ऐकू येईना. तू बेडूक बघून टाळ्या वाजवायला लागलास. तुझी आई म्हणाली, इथं हा खेळणार कुठं? मग नको म्हटलं.’

‘पण हे कधी सांगितलं नाहीत!’

‘काय सांगणार? तिथं नंतर भर घातली, बिल्डिंग झाली. भाव झाला. घेतला असता तर पैसे झाले असते, हे खरंच आहे. लोक म्हणतात ते खोटं नाही.’

‘26 जुलै 2005 ला त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं, नाना. मी पाहिलंय.’

‘हो. पण भाव नाही उतरला,’ नाना म्हणाले आणि हसले. ‘पाणी बघणाऱ्याला जमीन मिळत नाही. न बघणाऱ्याला मिळते, पण पाण्यासकट. आपण आपलं ठरवायचं.’

बदलापूर आलं. गर्दी चढली. मी बुडीत खात्यातलं ते जुनं वाक्य काढावं म्हणून तोंड उघडलं. ‘नाना, मागं एकदा मी तुम्हाला बोललो होतो...’

‘डोंबिवलीला उतरायला आत्तापासून दाराशी उभं राहायला हवं,’ नाना म्हणाले आणि उठले. मीही उठलो. गर्दीत त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं. आमच्या घरात वसुली अशीच होते. पावती मिळत नाही.

सोमवारी मी स्वतःच्या काउंटरवर रांगेत उभा राहून नानांची ठेव नव्यानं केली. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त मिळाला. नॉमिनी, चिऊ. शिपायानं विचारलं, ‘साहेब, प्लॉट घेणार होतात ना?’ मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, ‘कागद प्रोसेसमध्ये होते.’ पण त्या वाक्यात पूर्वीचा रुबाब राहिला नव्हता.

जुलैत एका रविवारी मी एकटाच कर्जतला जाऊन आलो. कमान होती, झेंडे गळाले होते. चुन्याचा एकही चौकोन दिसत नव्हता. सगळीकडं गढूळ पाणी, त्यात आभाळ आणि एक बगळा. मामा छत्री घेऊन बांधावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. ‘आलात?’ म्हणाले. ‘बगा, अजून भात होईल इथं.’ कमानीवर मात्र मोठ्या अक्षरांत पाटी लागली होती : सर्व प्लॉट विकले गेले आहेत.

मी घरी येऊन हे सगळं रंगवून सांगितलं. आपला निर्णय कसा बरोबर ठरला, याचं व्याख्यान दिलं. सौ.नी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एक सुस्कारा सोडला. मी मनातल्या मनात मोजला. बरोबर दोन गुंठे.

परवा चिऊ गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. ‘अगं, आमचा पण कर्जतला एक प्लॉट होता ना... म्हणजे बाबांनी घेतलाच नाही! आजोबा म्हणाले तिथं खेकडे आहेत. फक्त नऊ लाखांना मिळत होता!’

चौदाचे नऊ झाले होते. अजून वर्षही उलटलं नव्हतं.

मी आत गेलो. नाना झोपले होते. मी स्टुलावर चढलो आणि घड्याळाला किल्ली दिली.